'तसं काही नाही हो!'

मैत्रिणींनो, आज एक प्रश्न विचारते. अगदी खरं उत्तर द्यायचं हं! तुम्हाला कुठकुठले आजार आहेत?

"मला? मला काय धाड भरलीय!" हेच आलं ना तोंडात? बरं, मग हे वाचून झाल्यावर स्वयंपाकघरात जा आणि फळीवरचा औषधांचा डबा उघडून बघा. सकाळी उठल्याउठल्या उपाशीपोटी घ्यायची ती बारीक गोळी कुणाची? लोहाच्या गोळ्यांचं अर्धं संपलेलं पाकीट कुणाचं? आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलेला तो सोनोग्राफीचा लिफाफा, 'सध्या काही करायला नको, सहा महिन्यांनी परत दाखवा' असं डॉक्टरांनी सांगितलेला, तो कुणाचा?

माझ्याकडे हे सगळं होतं. आणि तरी आमच्या घरात आरोग्यविम्याचा फॉर्म भरला गेला तेव्हा माझ्या नावापुढे आजारांच्या सगळ्या चौकटींत 'नाही', 'नाही', 'नाही' अशीच उत्तरं गेली. त्या 'नाही'ची किंमत पुढे ९२,००० रुपये झाली. शिवाय पैशांत न मोजता येणारं आणखी एक नुकसान झालं, ते मला फार उशिरा समजलं. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

गोष्ट २०२१ सालची. करोनाची दुसरी लाट नुकती ओसरली होती. दवाखान्यांच्या बिलांचे आकडे गल्लीतल्या कट्ट्यावर ऐकायला मिळायचे आणि छातीत धस्स व्हायचं. आमचे हे शिरोलीच्या एम.आय.डी.सी.त एका कारखान्यात सुपरवायझर. पगार ई.एस.आय.च्या मर्यादेपेक्षा थोडा वर, म्हणून तो आधार नाही. आणि कारखान्याची स्वतःची विमा योजनाही नाही. म्हणजे आम्ही ना इकडचे, ना तिकडचे. गौरी-गणपती उठले आणि पुढच्याच आठवड्यात ह्यांच्या ओळखीतले एक विमा एजंट संध्याकाळी घरी आले. बाहेरच्या खोलीत मोबाईलवर फॉर्म भरणं चाललं होतं. मी आत चहा टाकत होते.

"साखर? बी.पी.? दमा? थायरॉईड? कुणाला काही औषध चालू?" एजंटनी विचारलं.

"तसं काही नाही हो!" हे म्हणाले.

मी आतून ऐकलं. खोटं कशाला सांगू? ऐकलं, आणि क्षणभर मनात आलंही की, अगं, तुझी गोळी? पण दूध उतू जायला आलं होतं; आणि थायरॉईडची गोळी म्हणजे काय आजार झाला का? आमच्या शाळेतल्या निम्म्या बाई ती घेतात! सोनोग्राफीचं तर डोक्यातूनच गेलं होतं. फेब्रुवारी २०२०मध्ये केली होती. गर्भाशयात दोन बारीक गाठी निघाल्या होत्या. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली आणि तो लिफाफा साड्यांखाली गेला.

मी बी.ए. झालेली बाई. दुपारच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. 'आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' असं मुलांना रोज घसा फोडून सांगते. आणि आपल्याच घरच्या उत्तरपत्रिकेवर काय लिहिलं गेलं, हे चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा विचारलंसुद्धा नाही. ह्यांना दोष देत नाही. त्यांना माझी गोळी दिसायची, पण तो आजार आहे हे त्यांना कुणी सांगितलं होतं? मीच नाही!

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. गाठी वाढत गेल्या, अंगावरून फार जायला लागलं, रक्त कमी झालं. नेहमीप्रमाणे वर्षभर दुखणं अंगावर काढलं आणि नोव्हेंबर २०२३मध्ये, दिवाळी उरकून, पिशवीचं ऑपरेशन करून घेतलं. (दिवाळी उरकून! फराळ झाल्याशिवाय आपल्याला दवाखान्यात जायला सवड कुठली?) पॉलिसीत असल्या ऑपरेशनांना पहिली दोन वर्षं थांबायचं होतं, ती सप्टेंबरमध्येच पुरी झाली होती. तेव्हा आम्ही निर्धास्त होतो.

दवाखान्यात दाखल होताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गाठी कधीपासून?" मी सांगितलं, "२०२०ला कळलं." त्यांनी केसपेपरवर तसं लिहिलं. लिहायलाच हवं होतं. विमा कंपनीनं केसपेपर मागवला, जुनी सोनोग्राफी मागवली आणि महिन्याभरात इंग्रजीतून पत्र आलं. अर्थ एवढाच की, पॉलिसी घेण्याआधीचा आजार तुम्ही लपवलात, सबब दावा नामंजूर आणि पॉलिसीही रद्द. मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव मोडली, भिशीचा नंबर एका मैत्रिणीनं मला सोडला, आणि बिल भागलं.

पैसे गेले ते गेले. दुसरं नुकसान असं, की २०२२मध्ये, म्हणजे पॉलिसी चालू असताना, ह्यांना बी.पी. निघालं होतं. जुन्या पॉलिसीच्या दृष्टीनं तो 'नंतर झालेला' आजार. त्याला संरक्षण होतं. पॉलिसीच रद्द झाल्यावर आता कुठल्याही नव्या कंपनीकडे गेलं तरी ह्यांचं बी.पी. हा 'आधीपासूनचा' आजार! माझ्या एका 'नाही'नं ह्यांचाही हक्क गेला.

आता हा 'आधीपासूनचा आजार' म्हणजे नक्की काय, ते समजून घेऊ या. नियमांतली व्याख्या तशी सोपी आहे. पॉलिसी सुरू होण्याच्या आधीच्या ठरावीक काळात डॉक्टरांनी ज्याचं निदान केलं, किंवा ज्यासाठी सल्ला किंवा उपचार दिला, तो आजार. पूर्वी हा काळ ४८ महिन्यांचा होता, आता ३६ महिन्यांचा आहे. बघा, त्यात 'दुखत होतं का', 'त्रास होत होता का' हे कुठं विचारलेलंच नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं की झालं. आपण मात्र जोवर अंथरूण धरत नाही तोवर स्वतःला आजारी समजत नाही. घोटाळा होतो तो इथं.

कंपनीनं असल्या आजारांना पॉलिसीत घेतलं, तरी लगेच पैसे देत नाही. काही वर्षं थांबायला लावते. त्याला प्रतीक्षाकाळ म्हणतात. आणि आता जे सांगते ते कृपा करून दोनदा वाचा. हा प्रतीक्षाकाळ संपल्यावर खर्च मिळतो तो फक्त फॉर्ममध्ये सांगितलेल्या आणि कंपनीनं मान्य केलेल्या आजाराचा! पॉलिसीत हे स्वच्छ लिहिलेलं असतं. म्हणजे घड्याळ चालू होतं ते सांगितलेल्या आजारापुरतंच. तुम्ही साखर लिहिलीत, की त्या दिवसापासून साखरेचं घड्याळ टिकटिक करायला लागलं. लिहिली नाहीत, तर तीन वर्षं हप्ते भरा नाहीतर चार वर्षं, घड्याळाला किल्लीच दिलेली नाही. आपल्याला मात्र नेमकं उलटं वाटत असतं. आजार सांगितला तर नुकसान, लपवला तर फायदा! एजंटही कधीकधी हेच सुचवतात. 'कशाला लिहिता वहिनी, उगाच हप्ता वाढेल!' त्यांचा हप्ता वाढतो की आपला, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आपल्याकडे 'मेडिक्लेम' आला १९८६ साली, सरकारी विमा कंपन्यांमार्फत. त्या वेळच्या पॉलिसीत आधीपासूनचे आजार वगळलेलेच असायचे. कधी काळी तरी ते मिळतील, ही आशाच नव्हती. नंतरच्या काळात चार वर्षं थांबण्याची पद्धत पडली. आणि १ एप्रिल २०२४पासून विमा नियामक प्राधिकरणानं (आपण ज्याला 'इर्डा' म्हणतो) नवे नियम लागू केले. त्यांत ही कमाल मुदत चारावरून तीन वर्षांवर आली. कंपनीला हवं तर ती याहून कमी ठेवू शकते, जास्त नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याची वाटी बदलणं अशा नेमून दिलेल्या उपचारांसाठीही तीन वर्षांपेक्षा जास्त थांबवता येत नाही. पासष्टीनंतर नवी पॉलिसी देणार नाही, असली वयाची अटही गेली.

दुसरा बदल त्याहून मोठा. पॉलिसी खंड न पडता सलग ६० महिने चालली, की त्यानंतर 'तुम्ही अमुक आजार सांगितला नव्हता' या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच अपवाद. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. हे वाचून एखादीच्या मनात येईल, 'मग पाच वर्षं गप्प बसू या की!' बाई गं, पाच वर्षं दुखणं थांबलं पाहिजे ना! माझ्या गाठी दोन वर्षं दोन महिन्यांत वर आल्या. शिवाय जाणूनबुजून लपवणं आणि अनवधानानं राहून जाणं यांत फरक कंपनी करणार, आणि तो सिद्ध करायला तुमचीच जुनी चिठ्ठी वापरणार.

कोर्टानं याबाबत काय म्हटलंय, तेही दोन निकालांवरून सांगते. माझ्या एका वकील मावसभावानं ते मला समजावून दिले. (पत्र आल्यावर मी तडक त्याच्याकडेच गेले होते, भांडायला!) २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असं प्रकरण आलं की, गृहस्थांना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुना आजार होता, आणि फॉर्ममध्ये प्रकृती उत्तम म्हणून लिहिलेलं. त्यांच्यामागे पत्नी दाव्यासाठी लढत होती. निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. विचारलेलं खरं सांगणं हे विमा घेणाऱ्याचं कर्तव्य आहे, असं न्यायालयानं म्हटलं. दुसरा निकाल डिसेंबर २०२१चा. एका गृहस्थांनी अमेरिकेच्या प्रवासासाठी आरोग्यविमा घेतला होता आणि आपल्याला मधुमेह आहे हे आधीच सांगितलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला. कंपनी म्हणाली, हा जुन्या आजाराचाच परिणाम, पैसे मिळणार नाहीत. न्यायालय म्हणालं, त्यांनी सांगितलं होतं, तुम्ही तपासून पॉलिसी दिलीत, आता त्याच आजाराकडे बोट दाखवून मागे हटता येणार नाही.

पहिला निकाल ऐकून मी घरी आले ती गप्पच. भांडायला काही जागाच नव्हती.

आता हे नियम आले म्हणून सगळं गोड झालं, असं मात्र समजू नका. खरं सांगितल्यावर कंपनी हप्ता वाढवून मागू शकते. 'तुम्हाला पॉलिसीच देत नाही' असंही म्हणू शकते. ऑगस्ट २०२४मध्ये आम्ही पुन्हा पॉलिसी घेतली, तेव्हा मी स्वतः सगळं लिहून काढलं. ह्यांचं बी.पी., माझं थायरॉईड, पिशवीचं ऑपरेशन, आधीची पॉलिसी रद्द झाली तेही. पहिल्या कंपनीनं नकार कळवला. दुसरीनं वाढीव हप्ता घेऊन आणि बी.पी.-थायरॉईडला तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ लावून घेतलं. ऑगस्ट २०२७ला ती मुदत पुरी होते. हप्ता जड जातो, खोटं नाही बोलत. पण रात्री झोप लागते. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जी.एस.टी. उठवला गेला, हा एक दिलासा.

माझी आतेबहीण न्यू जर्सीला असते. तिला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, आमच्याकडेही असंच होतं. गरोदरपणसुद्धा आधीपासूनचा आजार धरायचे!" तिथं २०१० साली कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४पासून जुना आजार आहे म्हणून नव्या माणसाला विमा नाकारायला किंवा जादा हप्ता घ्यायला मनाई झाली. आपल्याकडच्या खाजगी विम्यात अजून तिथवर मजल गेलेली नाही.

आता जरा आपल्या बायकांच्या स्वभावाबद्दल बोलू. मला सांगा, 'तसं काही नाही हो' हे वाक्य आपण पहिल्यांदा कधी शिकलो? विमा कंपनीपुढे नव्हे. बघायला मंडळी आली होती तेव्हा! पाहुण्यांपैकी कुणी आत्याबाई विचारायच्या, "मुलीची तब्येत बरी असते ना?" आणि आपली आई घाईघाईनं म्हणायची, "तसं काही नाही हो!" लहानपणी फिट आली होती ते सांगायचं नाही, पाळीच्या वेळी आडवं पडावं लागतं ते सांगायचं नाही, चष्मासुद्धा त्या दिवसापुरता काढून ठेवायचा. आजारी मुलीला स्थळ मिळत नाही, हे इतकं मनावर कोरलं जातं, की पुढं लग्नाला वीस वर्षं झाली तरी आजार म्हटला की तो लपवण्याचीच गोष्ट वाटते.

रंकाळ्यावर सकाळी फिरायला आम्ही सात-आठजणी असतो. एकदा मी सहज विचारलं, कुणाकुणाला काय काय आहे? एक वहिनी ठसक्यात म्हणाल्या, "मी कुठं आजारी? बी.पी.ची गोळी तेवढी घेतो रोज." (आमच्या कोल्हापुरात बायकाही 'घेतो', 'जातो' म्हणतात बरं का! हसू नका.) दुसरीला मणक्याचा त्रास, तिसरीला साखर. आणि एकजण थोडी मागं रेंगाळली. परत जाताना रिक्षा थांब्याशी मला हळूच म्हणाली, "मी दोन वर्षं झोपेच्या आणि मनाच्या गोळ्या घेते गं. घरात सासूबाईंनासुद्धा माहीत नाही. विम्यात लिहिलं तर सगळ्यांना कळेल." तिला मी एवढंच सांगितलं की, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि त्यानुसार विमा कंपनीनं मनाच्या आजारालाही शरीराच्या आजाराच्या पंक्तीतच बसवायचं आहे. पण तिची खरी अडचण कंपनीची नव्हती, घरातली होती. फॉर्म घरात, सगळ्यांदेखत, मोठ्यानं वाचत भरला जातो. तिनं आपली माहिती वेगळ्या कागदावर लिहून बंद पाकिटात एजंटकडे द्यावी, असं आमचं ठरलं. दिली का, ते मी विचारलेलं नाही.

ज्यांना खाजगी विमा परवडत नाही, किंवा आजारामुळे मिळतच नाही, त्यांच्यासाठी दुसरी दारं आहेत. ती आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसतात, कारण 'सरकारी योजना म्हणजे गरिबांची' असा एक समज असतो. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींच्या नवऱ्याला दोन्ही मूत्रपिंडांचा आजार आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. खाजगी कंपनीनं त्यांना दारात तरी उभं केलं असतं का? पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते होतं आणि त्यांना पदरचा पैसा घालावा लागत नाही. त्या योजनेत 'आजार आधीपासून होता का' हा प्रश्नच नाही, प्रतीक्षाकाळही नाही. २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावानं ती काही जिल्ह्यांत सुरू झाली. आपल्या कोल्हापुरात नोव्हेंबर २०१३मध्ये आली, आणि २०१७ साली तिला आताचं नाव मिळालं. त्या वेळी पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डापुरती होती, वर्षाला दीड लाखापर्यंत.

पुढं ती सगळ्या रेशनकार्डांना, अगदी पांढऱ्यालाही, खुली करायची आणि मर्यादा ५ लाख करायची असा शासननिर्णय जुलै २०२३मध्ये निघाला. अंमल सुरू झाला १ जुलै २०२४पासून. माझं ऑपरेशन नोव्हेंबर २०२३चं, आणि आमचं कार्ड पांढरं! ते असो. तुमचं कार्ड पांढरं असेल तर ते नुसतं गॅस आणि पत्त्याच्या पुराव्यासाठी जपून ठेवू नका, एवढंच. मात्र योजनेच्या यादीतल्याच रुग्णालयात जावं लागतं, यादीतलेच उपचार मिळतात, आणि काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. म्हणून दाखल होण्याआधी तिथल्या 'आरोग्यमित्रा'ला गाठा. योजनेच्या रुग्णालयात त्याचं टेबल असतं. १५५३८८ या क्रमांकावर फुकट चौकशीही करता येते.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. त्या चौऱ्याहत्तरीच्या, साखर वीस वर्षांची. त्यांना आमच्या पॉलिसीत घ्यायला गेलो, तर हप्त्याचा आकडा ऐकून त्याच म्हणाल्या, "राहू दे, तेवढ्यात माझी तेरावी होईल." पण २९ ऑक्टोबर २०२४पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी, उत्पन्न कितीही असलं तरी, 'आयुष्मान वय वंदना' कार्ड सुरू झालं. वर्षाला ५ लाखांपर्यंत, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरून. आधार कार्ड घेऊन गेलो, बोटांचे ठसे तीनदा द्यावे लागले (भांडी घासून घासून रेषाच उरल्या नाहीत त्यांच्या!), पण कार्ड मिळालं. खाजगी पॉलिसी असली तरी हे काढता येतं. तुमच्या घरी कुणी सत्तरीचं असेल तर १४५५५ला फोन करून विचारा.

ज्यांची पॉलिसी आधीच आहे त्यांच्यासाठी थोडं. कंपनी बदलावीशी वाटली तर पॉलिसी सोडून नवी घेऊ नका. मुदत संपण्याच्या दीड महिना आधी 'पोर्ट' करून मागा. म्हणजे जुन्या कंपनीकडे काढलेली प्रतीक्षेची वर्षं नवीन कंपनीत धरली जातात. विम्याची रक्कम वाढवलीत, तर वाढवलेल्या रकमेपुरतं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. वार्षिक हप्ता चुकला तर ३० दिवसांची सवलत असते. ती उलटली की आजवरची सगळी वर्षं पाण्यात. या एका हप्त्यासाठी प्रसंगी लग्नाचा आहेर पुढे ढकला. आणि पूर्वी दावा केला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही, हेही लक्षात ठेवा. नाहीतर भीतीनं आपण लहानसहान दावे करतच नाही.

नवी पॉलिसी घेताना, फॉर्म कुणीही भरो, पाठवण्याआधी तो आपल्या हातात मागून घ्या. चहा थोडा वेळानं झाला तरी चालतो. प्रश्नात 'कधी तरी झालं होतं का' असं विचारलं असेल, तर छत्तीस महिन्यांचा हिशेब घालत बसू नका, झालेलं लिहा. पॉलिसी घरी आली की तिच्याबरोबर तुमच्या फॉर्मची प्रत येते, ती वाचायची. चूक दिसली तर लगेच लेखी कळवा. मनाविरुद्ध काही निघालं तर ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते. पॉलिसीतल्या मुख्य अटींचं एक छोटं माहितीपत्रक द्यायचं बंधन कंपनीवर आहे, आणि आपण मागितलं तर ते मराठीतून द्यायचं आहे. मागा! आम्ही इंग्रजी पत्राचा अर्थ लावायला वकिलाकडे गेलो, तसं करू नका.

आणि सगळं खरं लिहूनही दावा नाकारला, तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिन्याभरात दाद लागली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जायचं. आपल्या कोल्हापूरसाठी त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, साधा अर्ज चालतो. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथं घेतात. १५५२५५ या क्रमांकावर नियामकांकडेही तक्रार नोंदवता येते.

या सगळ्यानंतर मी घरात एक दोनशे पानी वही केली आहे. प्रत्येकाच्या नावाला चार पानं. कुठला आजार, कधी कळला, कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं, कुठली गोळी. मागं चिठ्ठ्या चिकटवायला खाकी पाकीट. ह्यांची चार पानं अर्ध्या तासात झाली. सासूबाईंनी तर १९९४ सालच्या पित्ताच्या खड्यांपासून सगळं तारीखवार सांगितलं. ऐकताना मुलगा थक्क झाला. माझी पानं भरायला मला तीन दिवस लागले. दर वेळी वाटायचं, हे काय लिहायचं? मग मुलानंच पेन हातात घेतलं आणि विचारत सुटला, "आई, गुडघा कधीपासून दुखतोय? खरं सांग."

परवा इचलकरंजीच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या पॉलिसीचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. म्हणाली, "ताई, फॉर्ममध्ये माझी साखर लिहिलेली नाही गं. दोन वर्षं झाली." मी तिला जुनी पॉलिसी, फॉर्मची प्रत आणि सगळ्या चिठ्ठ्या काढून ठेवायला सांगितल्या आहेत. रविवारी जेवणं आटोपल्यावर जाते, आणि दोघी मिळून कंपनीला पत्र लिहितो.